‘डोकंच नाही’ म्हणण्याआधी

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. चौथीतल्या निम्म्या पोरांना साध्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत, आणि त्यावर तुझ्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "मॅडम, या पोट्ट्यांचं डोकंच नाही, तुम्ही कायले जीव काढता?" हे खरंच रक्तात असतं का, असं तू विचारलंस. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात नोकरी करणार असशील तर हा प्रश्न तुला निवृत्तीपर्यंत कोणी ना कोणी ऐकवत राहणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रक्ताचं बघू. २००३ साली अमेरिकेत सात वर्षांच्या जुळ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुखवस्तू घरांत मुलामुलांच्या बुद्ध्यांकात जो फरक होता, त्यातला मोठा वाटा अनुवंशाचा निघाला. गरीब घरांत तोच वाटा जवळजवळ शून्यावर आला, तिथं सगळा फरक परिस्थितीचा. पुढं युरोपातल्या अभ्यासांत असं चित्र दिसलं नाही. तिकडं गरिबाच्या पोरालाही दवाखाना आणि शाळा बऱ्यापैकी मिळते, हे त्याचं एक कारण संशोधकांनी सुचवलं आहे. म्हणजे ज्या घरात पोटाचीच मारामार आहे, तिथल्या पोराची बुद्धी बघून त्याच्या खानदानाचा निवाडा करणं हे शास्त्राला धरून नाही. तो निवाडा करणारा माणूस शिक्षक असेल तर ते धोक्याचंही आहे, कारण मग तो शिकवणं सोडतो.

जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढा असतो आणि दोन वर्षांत तो सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचतो. ही वाढ आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांपासून सुरू होते. आपल्याकडे ते नऊ महिने कसे जातात तुला ठाऊक आहे. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बाई कापूस वेचायला नाहीतर हरभरा सोंगायला जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातली ३५ पोरं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी, निघाली, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ६९ पोरांत रक्त कमी निघालं. ही राज्याची सरासरी आहे, मुंबई-पुणे धरून.

लोह कमी पडलं की मेंदूचं काम मंदावतं. कोस्टा रिकात तान्हेपणी लोहाची कमतरता असलेल्या मुलांना उपचार देऊन पुढं एकोणीस वर्षांपर्यंत पाहिलं गेलं. बऱ्या घरातली मुलं बरोबरीच्यांपेक्षा थोडी मागं राहिली आणि तेवढीच मागं राहिली. गरीब घरातल्यांचं अंतर मात्र वर्षागणिक वाढत गेलं. आता तुझ्या वर्गातली पोरं सकाळी काय खाऊन येतात ते विचार. बहुतेकांचं उत्तर कोरा चहा असेल, फार तर त्यात बुडवून शिळी भाकर. चहाने अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही हे घराघरात सांगायला हरकत नाही, पण उपदेशाच्या सुरात सांगू नको. जेवणावर लिंबू पिळायला सांगितलं तर बाया ऐकतात. चहा सोडा म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

एक सावधगिरी. पांढरंफटक, सारखं थकणारं, सांधे दुखतात म्हणणारं पोरगं दिसलं तर नुसती लोहाची गोळी देऊन मोकळी होऊ नको. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तो लोहाने बरा होत नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की त्या पोराचं नाव पुढं कर, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घे.

शाळेतल्या खिचडीला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. "शाळा हाय का खानावळ" हे वाक्य तर मी बैठकांमधून ऐकत आलो. पहिली ते पाचवीच्या पोराला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. २०१९ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या मुलांना पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालं, त्यांचे वाचनाचे गुण वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. तेव्हा डाळ पातळ येत असेल तर तो तुझ्या भाषा विषयाचाच प्रश्न समज आणि मुख्याध्यापकांशी बोल. न्याहारी न केलेल्या पोरांपैकी खुज्या पोरांचं लक्ष जास्त ढळतं हे जमैकात तपासलं गेलं आहे. शक्य असेल तर नवा धडा जेवणानंतर घे.

जमैकाचं नाव निघालंच आहे तर तिथली गोष्ट पूर्ण ऐक, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली दोन वर्षांखालची १२९ खुजी बाळं निवडून त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दुधाचा पूरक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी बोलायला, खेळायला शिकवायची. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला काही नाही. असं दोन वर्षं चाललं. सुरुवातीला आहाराचाही फायदा दिसला आणि खेळाचाही. वीस वर्षांनी ती बाळं कमावती झाली तेव्हा पुन्हा पाहिलं, तर खेळाच्या गटांतल्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती, लहानपणी खुज्या नसलेल्या मुलांच्या बरोबरीची. नुसत्या आहाराचा असर तेवढा टिकला नव्हता.

यावरून आहार वाया गेला असं कोणी म्हणू लागलं तर त्याला ग्वाटेमाला सांग. तिथं १९६९ ते १९७७ मध्ये दोन गावांतल्या पोरांना प्रथिनांची पेज दिली, दोन गावांतल्यांना नुसतं गोड पेय. तीन वर्षांचं होण्याआधी पेज मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला ४६ टक्के जास्त मजुरी कमवू लागले. पोट आणि गप्पा, दोन्ही लागतात. अंगणवाडीत सेविकेची सगळी शक्ती वजनं, दंडघेर आणि रजिस्टरात जाते, खेळायला वेळ उरत नाही. तिचा दोष मानू नको, वरून मागितली जाते ती माहितीच.

तू तिसरीतल्या एका पोरीबद्दल लिहिलंस, कडेवर लहान भाऊ घेऊन शाळेत येते म्हणून. तिला परत पाठवू नको. पाठवलंस तर शाळा तिची सुटेल आणि त्याचंही काही भलं होणार नाही. तिला त्या लेकराशी घरच्या कोरकू भाषेत बोलायला, चिंचोके मोजायला, झाकणं एकात एक बसवायला लाव. जमैकातली सेविका हेच करत होती.

आणि कोरकूचं लक्षात ठेव. ती मराठीची बोली नाही, मुंडा भाषागटातली स्वतंत्र भाषा आहे. सहाव्या वर्षापर्यंत जे पोरगं कोरकूत जगलं, त्याला मराठी उतारा देऊन तू मराठी तपासलीस, समज तपासली नाहीस. गणिताचंही तसंच. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये आला. ती गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करत होती आणि तोच प्रकार वहीत शाळेच्या पद्धतीने आला की अडत होती. तू धारणीच्या आठवडी बाजारात जाऊन मोहफुलं विकायला बसलेल्या पोरांना सुट्टे मागून बघ. शाळेतल्या पोरांचं उलटंही होतं, वहीत येतं पण बाजारात अडतं, हेही त्या अभ्यासात आहे. तेव्हा बाजारातला हिशेब फळ्यावर कसा मांडायचा हा दुवा तुलाच बांधायचा आहे.

शिकवून बुद्धी वाढते का, तर वाढते. सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०१८ मध्ये असं निघालं की शाळेचं प्रत्येक वर्ष बुद्ध्यांकात एक ते पाच गुणांची भर घालतं. आता दिवाळीनंतर मायबापाबरोबर मजुरीला जाऊन होळीला परतणाऱ्या पोराचं वर्ष किती महिन्यांचं भरतं ते मोज. जाणाऱ्यांची यादी दसऱ्यालाच कर, बाहेरगावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड हातात दे, हंगामी वसतिगृहाचं विचार.

पालकसभा जूनमध्ये घेऊन फार काही हाती लागणार नाही. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ चा अभ्यास आहे. त्याच माणसांना ऊस तोडणीआधी हात तंग असताना कोडी घातली तेव्हा गुण कमी पडले, पैसे आल्यावर जास्त. बियाण्याच्या उधारीत बुडालेला बाप तुझं काय ऐकणार? होळीला कोरकू माणूस कुठूनही गावी येतो, खिशात मजुरी असते. सभा तेव्हा घे.

पुढच्या चाचणीच्या दिवशी प्रत्येक नावापुढं चार रकाने आख. सकाळी काय खाल्लं, गेल्या वर्षी किती महिने गावाबाहेर, घरी कोणती भाषा, आरोग्य तपासणी कधी झाली. मग गुण भर. त्या गुरुजींशी भांडू नको, त्यांच्याकडूनच दोन-तीन घरांची माहिती भरून घे. जुने आहेत, घरं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. वही भरली की फोटो पाठव, आपण दोघं बसून बघू.

तुझे,
सर