एकच बायनरी जुन्या-नव्या प्रोसेसरवर चालवायची आहे, एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) असेल तिथेच कसं वापरू?

आख्खा प्रोग्राम एव्हीएक्स२ साठी कंपाइल करू नका, जुन्या प्रोसेसरवर तो ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन बंद पडेल. लिनक्सवर जीसीसी कंपायलर वापरत असाल तर फंक्शनला टार्गेट_क्लोन्स अ‍ॅट्रिब्यूट लावा आणि त्यात ‘एव्हीएक्स२’ व ‘डिफॉल्ट’ द्या. कंपायलर दोन्ही आवृत्त्या बनवतो. कोणती वापरायची ते आयफंक रिझॉल्व्हर (योग्य आवृत्ती निवडणारं छोटं फंक्शन) एकदाच ठरवतो, दर कॉलला तपासणी होत नाही. मात्र असा कॉल सहसा इनलाइन होत नाही, म्हणजे फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच बसवला जात नाही. त्यामुळे दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या चिमुकल्या फंक्शनला हे लावू नका, सगळ्या अ‍ॅरेवर फिरणारा लूप ज्यात आहे त्याला लावा. खरा फायदा तिथेच आहे.

स्वतः सीपीयूआयडी (प्रोसेसरच्या क्षमता सांगणारी सूचना) वाचणार असाल, तर नुसता एव्हीएक्स२ चा बिट बघून भागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम वायएमएम रजिस्टर (एव्हीएक्स२ वापरते ती २५६ बिटांची रजिस्टर) जपते का, तेही एक्सगेटबीव्ही या सूचनेने तपासा.