चौकोनी भोकाची जुनी चिनी नाणी कोणत्या काळातली, हे कसं ओळखायचं?

आजोबांच्या पेटीत चौकोनी भोकाची पितळी नाणी निघाली, चार-चार चिनी अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. चिनी यायची गरज नाही. आधी नाणं सरळ धरायला शिका, बहुतेक चुका तिथेच होतात.

चारांपैकी ‘बाओ’ हे अक्षर शोधा: माथ्यावर टिंबासकट छप्पर, तळाशी फाकलेले दोन छोटे पाय. छप्पर वर ठेवून हे अक्षर डावीकडे येईल असं नाणं फिरवा. मग ‘तोंग’ बघा. त्याची शेवटची रेघ डावीकडून उतरून अख्ख्या अक्षराखालून उजवीकडे जाते. तोंग उजवीकडे असेल तर वरचं आणि खालचं अक्षर मिळून त्या वेळच्या सम्राटाच्या राजवटीचं नाव होतं. छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातली (१६४४ ते १९१२) नाणी अशीच वाचतात. तोंग खाली असेल तर नाव वरच्या आणि उजवीकडच्या अक्षरात असतं, आणि नाणं बहुधा सोंग घराण्याच्या काळातलं (९६० ते १२७९).

आता मागची बाजू. उभ्या मांचू लिपीत (छिंग राज्यकर्त्यांची लिपी) दोन शब्द असतील तर नाणं छिंग काळातलंच. डावीकडचा शब्द सगळ्यांवर सारखा असतो, उजवीकडचा टांकसाळीचं नाव सांगतो. एक शब्द मांचू आणि दुसरा चिनी असेल तर बहुधा ते कांगशी सम्राटाचं (१६६२ ते १७२२) किंवा त्याच्या आधीच्या शुन्झी सम्राटाचं. नुसत्या लाटा कोरल्या असतील तर ते नाणं जपानी, चीनचं नव्हेच.

वजन ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा. छिंग सम्राट छियानलोंगच्या (१७३६ ते १७९५) नाण्याचं ठरलेलं वजन सुमारे साडेचार ग्रॅम होतं, पण प्रत्यक्षात साडेतीन ग्रॅमचीही खरी नाणी भरपूर मिळतात. त्यामुळे एकट्या वजनावरून नाणं खोटं ठरवू नका.

खरा पुरावा कडेवर असतो. ही नाणी साच्यात ओतलेली असत. मग भोकातून चौकोनी सळई घालून एकत्र कानस मारत. त्या कानशीचे बारीक ओरखडे भिंगाखाली दिसतात. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे किंचित लहान होते आणि अक्षरांच्या कडा बोथट येतात. लाल दोऱ्यात ओवून फेंगशुईच्या दुकानात मिळणारी बहुतेक नाणी आजची असतात. लोहचुंबकाला चिकटलं तर संशय घ्या, मात्र सोंग काळात आणि १८५० च्या दशकात लोखंडी नाणीही निघाली होती.

चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. हिरवट-तपकिरी थर गेला की नाण्याची किंमतही जाते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून मऊ ब्रशने माती काढा आणि पूर्ण कोरडं करा.

किमतीबद्दल फार आशा धरू नका. सन १०८० च्या सुमारास सोंग टांकसाळी वर्षाला हजार-हजार नाण्यांच्या ५० लाखांहून जास्त माळा काढत होत्या, त्यामुळे इतकं जुनं नाणंही स्वस्तात मिळतं. भाव टांकसाळीवर ठरतो, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो टाका: बाओ डावीकडे ठेवून, तिरप्या उजेडात, शेजारी व्यास आणि वजन लिहून.