दिवे एका रेषेत, तरी जहाज तिरकं का?

पॅसिफिककडून पनामा कालव्यात शिरताना पुढचे दोन दिवे एकावर एक दिसत होते, पण जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मात्र त्यांच्या बाजूला रोखलेली होती. हे चुकीचं नव्हतं का, आणि जीपीएस असताना हे दिवे कशाला, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. चुकीचं अजिबात नव्हतं. सुकाणूवरचा माणूस काम चोख करत होता, म्हणूनच तुम्हाला ते तसं दिसलं.

रेंज लाइट म्हणजे दोन दिव्यांची जोडी. पुढचा ठेंगणा, मागचा उंच. दोघांना जोडणारी रेघ समुद्राकडे लांबवली की ती चॅनलच्या, म्हणजे जहाजांच्या खोल वाटेच्या, मधोमध जाते. जहाज रेघेवर असेल तर वरचा दिवा खालच्याच्या बरोबर डोक्यावर दिसतो. जहाज डावीकडे सरकलं की वरचा दिवा डावीकडे निसटतो, उजवीकडे सरकलं की उजवीकडे. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं, ‘खालच्या दिव्याच्या मागे जा.’ खालचा ज्या बाजूला दिसेल त्या बाजूला जहाज न्यायचं.

यात नाळेचा संबंध कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. दिव्यांवरून जहाज कुठे आहे ते कळतं. तोंड कुठे आहे ते कंपासवर बघायचं. आडवा प्रवाह असेल तर रेघेवर टिकण्यासाठी नाळ प्रवाहाच्या उगमाकडे थोडी वळवूनच चालावं लागतं. नवखा माणूस नाळ थेट दिव्यांवर धरतो. मग जहाज वाहत जातं, तो पुन्हा नाळ दिव्यांवर आणतो, आणि एका लांब वळणाने चॅनलच्या कडेला जाऊन पोहोचतो.

पॅसिफिकच्या तोंडाशी हे जास्त जाणवतं. कॅरिबियनच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक अर्धा मीटरच्या आसपास, तर इकडे बाल्बोआ बंदराला तो 6 मीटरपर्यंत जातो. कालवा खणताना निघालेले दगड टाकून नाओस, पेरिको आणि फ्लामेंको ही बेटं किनाऱ्याला जोडली ना, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. आडवे प्रवाह चॅनलमध्ये गाळ आणून टाकत, त्यांना बांध हवा होता. आत जाताना हा बांध उजव्या हाताला येतो.

त्या जागेचा माझा एक अनुभव सांगतो. पहाटेची वेळ, मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, थर्ड मेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी. बाहेर प्रवाह आडवा होता, म्हणून जहाज तीन-चार अंश तिरकं धरलं होतं आणि दिवे अगदी जुळलेले होते. बांधाचा आडोसा आला तसा प्रवाह मेला. मला स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नव्हतं. पायलटने, म्हणजे जहाजाला वाट दाखवायला आलेल्या स्थानिक जाणकाराने, मात्र काचेतून नजर न हलवता दोन अंश कमी करायला सांगितले, लगेच आणखी एक. वरचा दिवा खालच्याच्या डोक्यावरून किंचित कलायला लागला होता. आता तिरकेपणा सोडायची वेळ झाली, हे त्याने तेवढ्यावरूनच ओळखलं.

तुमच्या जीपीएसच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर यातच आहे. पायलट आता स्वतःचं अचूक उपकरण सोबत आणतात आणि ते उत्तम चालतं. पण दिव्यांवर नजर असली की समोरचं जहाज, टग (ओढणाऱ्या बोटी), बॉय (तरंगत्या खुणा) आणि आपलं सरकणं, सगळं एकाच नजरेत येतं. इतर बहुतेक बंदरांत पायलट सल्ला देतो आणि ताबा कॅप्टनकडे राहतो. पनामात जहाजाचं चालन पूर्णपणे पायलटच्या हातात जातं. अशा माणसाने खाली स्क्रीनकडे कमीत कमी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र दिव्यांची नजर अंतरावर अवलंबून असते. समजा, दोन्ही दिव्यांमध्ये एक किलोमीटर अंतर आहे आणि तुम्ही पुढच्यापासून आठ किलोमीटरवर आहात. रेघेपासून 20 मीटर सरकलात तर दोन दिव्यांमधला कोन जेमतेम एक मिनिट भरतो, म्हणजे अंशाचा साठावा भाग. चांगल्या डोळ्यालाही तो कसाबसा कळतो. चार किलोमीटरवर आलात की तेच 20 मीटर साडेतीन मिनिटांचे होतात आणि स्पष्ट दिसतात. म्हणून लांबून दिवे ‘जुळले’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

आणखी एक फसवी जागा म्हणजे दिवे पाठीमागे असणं. निघताना मागे वळून बघायचं तर नियम तोच राहतो, खालच्या दिव्याच्या बाजूला सरकायचं. पण तोंड मागे असल्यामुळे तुमचा डावा हात म्हणजे जहाजाचा स्टारबोर्ड, म्हणजे उजवी बाजू. घाईत उलटी ऑर्डर तोंडातून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी आधी हाताने ती बाजू दाखवतो, मग पुढे वळतो आणि मगच ऑर्डर देतो.

पुढच्या वेळी विंगवरून, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या टोकावरून, बघू नका. 32 मीटर रुंद जहाजाची विंग मध्यरेषेपासून 16 मीटरवर असते, त्यामुळे जहाज अचूक रेघेवर असतानाही तिथून दिवे फाकलेले दिसतील. ब्रिजच्या मधोमध, सुकाणूच्या मागे उभे राहा आणि पुढचा मास्ट व दिवे यांच्यातलं अंतर बघा. जहाज किती तिरकं चाललंय ते तिथेच दिसेल.