स्विचमधला इंडिकेटर कधी पेटायला हवा?

तुम्ही विचारलंय, २३० व्होल्टला निऑनसोबत (इंडिकेटरचा छोटा दिवा) प्रवाह आवरणारा रेझिस्टर किती घ्यायचा, आणि नमुना जोडल्यावर एलईडी बल्ब बंद असतानाही का लुकलुकतो. रेझिस्टरचं नंतर बघू. इंडिकेटरने नेमकं काय सांगायचं आहे, ते आधी ठरवा.

अंधारात बटण सापडावं एवढंच हवं असेल, तर सहसा इंडिकेटर स्विचच्या दोन टोकांना समांतर टाकतात. स्विच बंद असला की बल्बमधूनच न्यूट्रल मिळतो आणि निऑन पेटतो. न्यूट्रल बोर्डापर्यंत आणावा लागत नाही, म्हणून ही पद्धत सगळ्यांना आवडते. तुमची गडबडही इथेच आहे. निऑनचा जेमतेम एक मिलिअँपिअर प्रवाह बल्बमधून वाहत राहतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमधला (आतल्या वीजपुरवठा सर्किटमधला) वीज साठवणारा कपॅसिटर मात्र तेवढ्यावरही हळूहळू भरतो, पुरेसा भरला की ड्रायव्हर क्षणभर चालू होतो, साठा संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून. रेझिस्टर वाढवून लुकलुक कमी होते, पण दुसऱ्या एखाद्या बल्बवर ती पुन्हा दिसणारच.

बोर्डात न्यूट्रल असेल तर इंडिकेटर सरळ फेज आणि न्यूट्रलमध्ये टाका. तो कायम पेटलेला राहील, पण बल्बला त्रास नाही. गिझर किंवा बाहेरचा दिवा चालू राहिलाय हे कळायला हवं असेल, तर स्विचनंतरची फेज आणि न्यूट्रल यांच्यात जोडा. न्यूट्रल नसेलच, तर बल्बपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा (थेट घरच्या वीजलाइनवर जोडण्यासाठी बनवलेला) कपॅसिटर समांतर लावून बहुतेक वेळा भागतं. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही.

आता रेझिस्टर. निऑनला २२० किलोओहम पुरतो. त्याच्या जागी एलईडी टाकलीत, तर त्याच रेझिस्टरवर पाव वॅटच्या आसपास उष्णता होते, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर अगदी काठावर. शिवाय २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि छोट्या रेझिस्टरची व्होल्टेजमर्यादा बहुधा २५० असते. ही दुसरी गोष्ट डिझाइनमध्ये हमखास निसटते. म्हणून ११० किलोओहमचे अर्ध्या वॅटचे दोन एकापुढे एक घ्या. एलईडीला उलटा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) समांतर हवाच, नाहीतर उलट्या अर्धचक्रात ती जाते. आणि निळी एलईडी शयनगृहात नको, रात्री डोळ्यांत घुसते.

जिन्यातल्या टू-वे स्विचला कॉमन (सामाईक टोक) सोडून उरलेल्या दोन टोकांमध्ये इंडिकेटर लावा, दिवा बंद असतानाच पेटेल. वायर लांब असतील तर दिवा चालू असतानाही निऑन किंचित मिणमिणेल. तो दोष तुमच्या जोडणीचा नाही, शेजारून धावणाऱ्या वायरींचा आहे.