पी०१७१ कोड आला? आधी हवा कुठून शिरते ते शोधा

पी०१७१ म्हणजे इंजिनात जाणारं मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. लगेच ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलू नका. नवशिक्यांचे पैसे बहुधा तिथेच जातात. सेन्सर बऱ्याचदा खरंच सांगत असतो: हवा जास्त आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय.

इंजिन पूर्ण गरम करा आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेला) ट्रिमची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असली की चिंता नाही.

- आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) +२० आणि २५०० आरपीएमला +५ असेल, तर व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिनात चिरेतून न मोजलेली हवा शिरते.
- आयडलला ठीक, पण कुंभार्लीसारख्या घाटात चढावर ट्रिम वाढत गेला, तर फ्युएल फिल्टर किंवा पंप.

कोकणात मी पहिल्यांदा रबरी होजच बघायला सांगेन. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घुसतात आणि होज कुरतडतात. पीसीव्ही होज (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी नळी) हाताने वाकवून बघा, कोपऱ्यावर खालच्या बाजूला चीर असते. वरून ती दिसत नाही. ब्रेक बूस्टरचा होज आणि इनटेक मॅनिफोल्डचं (हवा सिलिंडरांत नेणाऱ्या पाइपांचं) गॅस्केटही तपासा. खाऱ्या हवेने अर्थिंगच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तोही घासून काढा.

लीक शोधायला काही जण होजवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात; तो गरम इंजिनवर मारू नका, पेट घेतो. सायलेन्सरचा पाइप सेन्सरच्या आधी फुटला असेल तरी कोड लीनचाच येतो.

पेट्रोलची लाइन सध्या उघडू नका. प्रेशर मेकॅनिककडून मोजून घ्या. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी चालवा, ट्रिम पुन्हा बघा. आणि तोवर भरल्या गाडीने घाट चढू नका, व्हॉल्व्ह जळू शकतात.