डोंगरवाटेवरची मोटारसायकल आणि क्लबचे काम

प्रश्न : तरुणपणापासून मी सातपुड्याच्या पायथ्याशी कच्च्या वाटांवर मोटारसायकल चालवत आलो आहे. आता साठी उलटली. क्लबच्या मोहिमांत मी स्वयंसेवक व्हावे, असा मंडळींचा आग्रह आहे. परंतु त्यामुळे गाडी चालवणे सुटेल काय? – एक वाचक, चोपडा

उत्तर : सुटण्याचे काहीच कारण नाही. जथ्याच्या अगदी शेवटी राहून, रेंगाळलेल्या किंवा गाडी बिघडलेल्या प्रत्येकाला सोबत घेऊन येणारा स्वार हाही स्वयंसेवकच असतो, आणि त्या जागी वेगापेक्षा जाणतेपणा अधिक उपयोगी पडतो. आपल्याकडील काळ्या मातीचेच पाहा : पाऊस झाल्यावर ती चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत अशी गच्च बसते की चाक फिरेनासे होते, अशा वेळी नवखा मुलगा अ‍ॅक्सिलरेटर पिळून क्लच जाळतो, तर मुरलेला माणूस इंजिन बंद करून काडीने माती उकरत बसतो. (मडगार्ड उंच असलेली गाडी घ्या, हे सांगायलाही कुणी वडीलधारे हवेच.)

मार्ग आखण्याचे कामही आपण अवश्य पत्करावे. यावल अभयारण्यासारख्या क्षेत्रात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून जाता येत नाही, आणि पेरलेल्या शेतातून गाड्या घातल्या तर गाव पुन्हा वाट देत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र वजनदार गाडीचा मोह सोडावा. २०० सीसीच्या आसपासची हलकी गाडी या वाटांना पुरेशी आहे.