थार की जिम्नी? आधी आईंना मागच्या सीटवर बसवून बघा

तुमच्या प्रश्नातून मी उचललेलं एवढं: इंदूरला घर सुदामा नगरात, ऑफिस विजय नगरला, घरी बायको, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रासलेली आई. सिमरोलच्या पुढे चोरलकडे शेत घेतलंय, डांबरी सोडल्यावर तीन किलोमीटर कच्चा रस्ता, मधे एक नाला. बजेट ऑनरोड १७ लाख. थार घ्यावी, जिम्नी घ्यावी, की ग्रँड विटाराची ऑल व्हील ड्राइव्ह?

उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पुढे मी वाहवत जाणार आहे. तुमच्यासाठी जिम्नी, मॅन्युअल. माझ्या दारात डिझेल थार उभी आहे, तरी सांगतोय.

थारच्या तीन दारांचा हिशोब लोक शोरूममध्ये करत नाहीत. मागे बसायचं म्हणजे पुढची सीट कलती करायची, पायरीवर पाय टाकायचा आणि वाकून आत शिरायचं. माझ्या आईने हा प्रयोग एकदाच केला. एक पाय आत, एक बाहेर, पदर सीटबेल्टच्या कडीत अडकलेला आणि रामबागेच्या गल्लीत मागे चार स्कूटर हॉर्न वाजवतायत. ‘मला रिक्षा बघ,’ म्हणाली. तेव्हापासून आई पुढे बसते आणि बायको मागे. त्याचे परिणाम इथे लिहीत नाही.

थारचीच पाच दारांची रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, तिने हा प्रश्न सोडवला खरा. पण तिच्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, फक्त डिझेलमध्ये मिळते आणि तुमचे १७ लाख तिथे अपुरे पडतील. रॉक्सची मागच्या चाकांवर चालणारी टू व्हील ड्राइव्ह घेऊ नका. रुबाब सगळा मिळेल, नाल्यात मात्र ढकलायला माणसं लागतील.

डिझेलबद्दल आणखी एक. बीएस सिक्स डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जळायला इंजिन चांगलं तापलेलं हवं आणि गाडी थोडा वेळ सलग पळायला हवी. सुदामा नगर ते विजय नगर, पलासियाच्या सिग्नलला थांबत थांबत, रोज हेच केलंत तर फिल्टर भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मी त्यासाठी अधूनमधून बायपासला उगाच चक्कर मारून येतो. मित्रांना वाटतं हौस आहे.

आता मातीकडे येतो. खरा प्रश्न तोच आहे.

आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात फुगते. तिच्यात चाक नुसतं रुतत नाही, चाकालाच माती चढते. जुलैतल्या एका रविवारी मी चोरलकडच्या एका मित्राच्या शेतात गेलो होतो. रात्री पाऊस झाला होता, सकाळी लख्ख ऊन. गाडी फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर आणि वेग एकदम कमी, छाती पुढे. शंभरेक मीटर गेलो असेन. टायरच्या खाचा आधी भरल्या, मग टायर गुळगुळीत झाला, मग टायर आणि मडगार्डच्या मधली जागा मातीने ठासून भरली आणि चाक फिरायचंच थांबलं. इंजिनात ताकद होती, चारही चाकांना पोचत होती, पण फिरायला जागाच नाही. आम्ही खुरप्याने माती खरवडत बसलो. खुरप्यावरची माती काढायला काडी लागत होती. शेवटी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाले काका हसले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘दोन दिवस ऊन लागू द्यायचं ना भिया.’

एवढ्यासाठी फोर बाय फोर निरुपयोगी म्हणायचं का? नाही. पण या मातीत वजन नडतं. जिम्नी साधारण १,२०० किलोची, माझी थार तिच्याहून काही शे किलोंनी जड. जी ओल जिम्नी वरवर पार करून जाते तिथे मी कधीकधी खाली बसतो. थारचा १३० अश्वशक्तीचा जोर, २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, हे खडकाळ चढावर खरंच कामाला येतं. जानापावच्या आसपासच्या दगडी वाटांवर मला थारच हवी. तुमच्या तीन किलोमीटरांत तसा चढ असेल असं वर्णनावरून वाटत नाही.

ग्रँड विटारा. तुमचा रस्ता कोरडा असताना आणि नाला आटलेला असताना ती आरामात जाईल आणि शहरात तिघींत सगळ्यात सुखाची तीच. तिच्यात लो रेंज नाही, म्हणजे वेग घटवून चाकांचा जोर वाढवणारी गिअरची जोडी नाही. दगडांवरून माणसाच्या चालीने गाडी सरकवायची असते तेव्हा ही जोडी नसेल तर क्लच जळतो किंवा सिस्टीम तापते. पावसाळ्यात शेतावर जाणारच नसाल तर मात्र मी सांगितलेलं सगळं विसरा आणि हीच घ्या.

फोर्सच्या गुरखाचं कोणीतरी सुचवेलच. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना ड्रायव्हरच्या हातात लॉक, म्हणजे एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो, कंपनीतूनच स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी नळी, आणि फोर्सचा कारखानाही इथे पीथमपूरला, म्हणून थोडा घरचा अभिमान. पण ती रोज ऑफिसला न्यायची गाडी नव्हे.

जिम्नीचे तोटेही ऐका. माणसं चारच, पाचवा नाही. मागची सीट उभी असेल तर डिकी २०८ लिटर, म्हणजे दोन पिशव्या आणि खताचं अर्धं पोतं. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, टॉर्क १३४ न्यूटन मीटर. भेरूघाटात एसी लावून चौघं बसलात आणि पुढे ट्रक लागला तर तिसरा गिअर टाकून इंजिन ओरडू द्यावं लागतं. पण रुंदी १,६४५ मिलिमीटर, थारहून जवळजवळ वीत कमी. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत ही वीत रोज भेटते.

घेतल्यावर एक सवय लावून घ्या. या दोन्ही गाड्यांत फोर बाय फोर कायमचं नसतं, लिव्हरने जोडायचं असतं. कोरड्या डांबरावर जोडून वळलात की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण दोन्हीकडचे शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. हा फरक टायर घासून निघतो आणि बाकीचा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर येतो. स्टिअरिंग जड लागलं, गाडी ओढल्यासारखी वाटली, की समजा विसरलात. मातीत शिरायच्या आधी जोडा, रुतल्यावर नव्हे.

खर्च करायचा तर ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हीवर चालणारे टायर, बारा व्होल्टचा हवेचा पंप, ताणला जाणारा चांगला रिकव्हरी पट्टा (रुतलेली गाडी ओढायचा) आणि दोन शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या. पुढे लोखंडी बुलबार लावू नका, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय आणि धडक बसल्यावर त्याचा उपद्रवच जास्त. पट्टा चेसिसच्या हुकलाच अडकवायचा. मी त्या रविवारी घाईत साधा नायलॉनचा दोर बंपरखालच्या पातळ कडीला बांधला होता. कडी वाकली, दोर तुटून सटकन काचेवर आला. काच वाचली, माझं नशीब.

नाल्याचं म्हणाल तर रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर पाणी वाहत असेल तेव्हा आधी काठी घेऊन कडेने खोली बघा, आणि जोर असेल तर पलीकडे चहा पिऊन परत या. घाटात वर पाऊस पडलेला असतो आणि तुमच्याकडे ऊन असतं.

शनिवारी आईंना घेऊन दोन्ही शोरूमला जा, एकदा मागे बसवा, एकदा उतरवा. मग मला कळवा की नाल्याचा तळ दगडी आहे की मातीचा आणि काळ्या मातीचा पट्टा किती लांब आहे. पट्टा अर्ध्या किलोमीटरहून जास्त असेल तर गाडीच्या आधी दोन ट्रॉली मुरूम टाकण्याचा भाव विचारून या.